कवडावेळची वाट

सह्याद्रीच्या रांगेमागून उजाडू लागले, तेव्हा मकरगडाच्या समुद्राकडील बुरुजांवर अजून काळोखाची कड रेंगाळत होती. आणि खाली गोदीच्या तोंडाशी, मागल्या लढाईत डोलकाठ्या मोडलेली, अंगावर तोफगोळ्यांची भोके वागवणारी गलबते भरतीच्या पाण्यावर अशी कण्हत हलत होती, की तटावरच्या गस्तवाल्यांनीही नजर दुसरीकडे वळवावी. एके काळी या गोदीतून शिडे उभारली, की किनाऱ्यावरची गावे दिवाळी असल्यासारखी पुळणीवर लोटत. आता कोळ्यांच्या होड्यासुद्धा गडाला वळसा घालून जात.

त्या पहाटे आरमाराचे सुभेदार रायाजीराव बांदेकर सदरेवर एकटेच येऊन बसले होते. त्यांनी गोंदजी तावडे यांस बोलावून घेतले होते. गोंदजी गलबतावरचा नाईक; वय पंचविशीच्या आतबाहेरचे, बांधा काटक, नजर धारदार. कामगिरीवर गेला आणि रिकाम्या हाताने आला असे कधी घडले नव्हते, आणि ही गोष्ट इतरांपेक्षा त्याला स्वतःलाच अधिक ठाऊक होती.

"गोंदजी," सुभेदार म्हणाले, "ही गोदी आता शत्रूला पाठ झाली आहे. पाऊस ओसरला, दसरा उलटला की टोपीकरांची जहाजे पुन्हा समोर उभी राहणार. तुम्ही मचवा घ्या आणि दक्षिणेचा किनारा धरून जा. जिथे नांगर धरेल, वाऱ्याला आड असेल, प्यायला गोडे पाणी मिळेल आणि बाहेरून शीड दिसणार नाही, अशी जागा आम्हांस हवी."

"आज्ञा, सुभेदार साहेब."

"आणि ध्यानात असू द्या. शत्रूही अशीच जागा हुडकतो आहे. त्याच्या जहाजांना जवळपास आसरा आणि पाणी मिळाले, तर तो वर्षभर गडासमोरून हलणार नाही. मग आपल्याला उपाशी मारायला त्याला तोफ डागण्याचीही गरज नाही."

गोंदजीने मुजरा केला आणि त्याच ओहोटीवर मचवा बाहेर काढला. बरोबर होता पदाजी कुबल, केस पिकलेला तांडेल, ज्याच्या हाताखाली गोंदजी पहिल्यांदा सुकाणू धरायला शिकला होता. आणि मोजके खलाशी.

किनारा जितका माणसांनी पाहिलेला होता, त्याहून किती तरी न पाहिलेला आहे, हे गोंदजीला त्या सफरीत कळले. एका टेकाडामागे केवड्याच्या बनाला टेकलेली पांढरीशुभ्र पुळण सापडली. तिच्यावर कासविणी रात्री येऊन गेल्याच्या खुणांखेरीज एक पाऊल उमटलेले नव्हते. पण पदाजीने शिशाचा ओळंबा दोरीने पाण्यात सोडला, तेव्हा त्याच्या बुडाला लावलेल्या चरबीला वाळूचा कण चिकटेना. तळ सगळा खडकाचा. नांगर घसरत राहिला. पुढची खाडी खोल होती, पण तिचे तोंड नैर्ऋत्येला उघडे. बाहेरच्या लाटा पाहुण्यासारख्या सरळ आत येत. तिच्या पुढची जागा चहूबाजूंनी बंद, तलावासारखी निवांत. मात्र तिथल्या झऱ्याचे पाणी तोंडात घेताच थुंकून टाकावे लागले. प्रत्येक टोक ओलांडताना गोंदजीच्या छातीत उत्सुकता दाटे, आणि वळसा घेतल्यावर नवे हिरवे पाणी, नवी वाळू, कड्यावरून झेपावणारे समुद्रगरुड पाहून तो घटकाभर सुभेदारांची आज्ञाही विसरे.

अशाच एका उथळ जागी मचवा ढकलताना पदाजीचा पाय वाळूत लपलेल्या पाकटावर पडला. माशाने शेपटीचा काटा घोट्यात मारला. दुपारपर्यंत पाय मांडीपर्यंत सुजला, आणि लढाईत हूं की चूं न केलेला तो म्हातारा दातांत दोर धरून विव्हळू लागला. गाव कुठे जवळ नव्हते. समोर काळा, उभा, सलग कडा. आणि त्या कड्याच्या पायथ्याशी एक होडी चाललेली. पाहता पाहता ती होडी कड्यातच शिरली आणि नाहीशी झाली.

"भुताटकी!" एक खलाशी पुटपुटला.

"भूत वल्ही मारत नाही," गोंदजी म्हणाला. "सुकाणू वळवा."

जवळ गेल्यावर कडा उलगडला. समोरून सलग दिसणारे ते खरे तर दोन कडे होते, एकापुढे एक सरकलेले. आणि त्यांच्या मधून, डाव्या हाताला खडकाला घासून जाणारी पाण्याची अरुंद गल्ली होती. मचवा तिच्यातून आत सरकला, वारा एकदम पडला, लाटांचा आवाज मागे राहिला आणि समोर परातीसारखा गोल, निळा, निश्चल डोह उघडला. त्याच्या काठी चंद्रकोरीसारखी पुळण, वाळूत विखुरलेल्या असंख्य कवड्या, माडांची कोवळी रोपे, कड्यातून पाझरून खाली येणारा झरा आणि झावळ्यांच्या काही झोपड्या.

कोयते आणि भाले घेतलेली माणसे पाण्यात उतरून वाट अडवून उभी राहिली. त्यांच्यामागून एक उंच, करड्या केसांची बाई पुढे आली. तिला सगळे सगुणाय म्हणत.

"खंयचे तुमी?" तिने विचारले.

"मकरगडचे. माणसाला पाकट लागला आहे. औषध असेल तर द्या, आये. नसेल तर निदान सावली द्या."

गडाचे नाव ऐकताच भाले उचलले गेले. बाईने हात आडवा केला. "आधी माणूस खाली घेवा. मगे बघूया."

तिने पदाजीचा पाय सोसवेल तितक्या कढत पाण्यात बुडवून ठेवला, पाणी निवले की बदलले, कसला तरी पाला वाटून बांधला आणि दोन रात्री त्याच्या उशाशी बसून काढल्या. तिचा मुलगा जानू, गोंदजीच्याच वयाचा, हसऱ्या तोंडाचा गडी, रोज पहाटे होडी घेऊन बाहेर जाई आणि ताजे मासे आणून पाहुण्यांपुढे टाकी. त्याने गोंदजीला सगळे दाखवले: गल्लीत पाणी कुठे खोल आहे, भरती किती चढली की मोठे तारू आत येऊ शकेल, झरा कधीच कसा आटत नाही. कवडावेळ, तो म्हणाला. पुळणीला आम्ही वेळ म्हणतो, आणि कवड्या तर तू बघतोच आहेस.

सुभेदारांनी मागितलेली जागा हीच, हे गोंदजीला पहिल्या घटकेतच उमगले होते.

पदाजी चालू लागला, तेव्हा निघण्याच्या सकाळी सगुणाय गोंदजीजवळ येऊन वाळूत बसली.

"झिला," ती म्हणाली, "आमचो गाव आधी खाडयेच्या तोंडार होतो. एक दिवस आरमाराची गलबता इली आणि आमच्या वेळेर नांगर टाकल्यानी. आमका अभिमान वाटलो. आमी तेंका नारळ दिले, पाणी दिला. मगे तेंच्या पाठसून टोपीकर इले. गलबता निघान गेली, आमी रवलंव. माझो घोव थंयच जळालो." तिने एक कवडी उचलून परत वाळूत ठेवली. "गडावयल्यांचो राग नाय आमका. पण ही वेळ तू कोणाक सांगू नको. तुझ्या धन्याकय नको."

गोंदजीने समुद्राकडे पाहिले. एकीकडे धन्याची आज्ञा होती. दुसरीकडे, वाळूवर लंगडत का होईना पण उभा असलेला पदाजी. तो उठला, गुडघाभर पाण्यात गेला आणि ओंजळीत समुद्राचे पाणी घेऊन म्हणाला, "आये, दर्याची आण. कवडावेळचे नाव माझ्या तोंडून निघणार नाही."

ते त्याने मनापासून म्हटले होते. पदाजीने ते ऐकले आणि मान डोलावली.

गडावर परतल्यावर सुभेदारांनी त्याला खलबतखान्यात एकांतात घेतले. गोंदजीने खडकाळ तळाची पुळण सांगितली, नैर्ऋत्येला उघडी खाडी सांगितली, खाऱ्या झऱ्याचा तलाव सांगितला.

"आणि?"

"आणि काही नाही, साहेब. हवी तशी जागा सापडली नाही."

रायाजीरावांनी त्याच्याकडे क्षणभर टक लावून पाहिले. "असो," ते म्हणाले. "तुम्हांला नाही सापडली, म्हणजे ती नसावीच." या विश्वासाच्या शब्दाने गोंदजीची मान खाली गेली, पण शपथ राहिली, याचे समाधानही त्याला होते. तो तिथेच थांबला असता, तर ही कथा सांगण्याचे कारण उरले नसते.

दसऱ्याचा दरबार भरला. शस्त्रे पुजली गेली, सोने लुटले गेले, मानकरी आपापल्या बैठकींवर बसले. सुभेदारांनी सफरीवर गेलेल्यांना विड्याचा मान दिला, तेव्हा रवळोजी सापळे उभा राहिला. हा आरमारातला जुना सरदार. बोलणे मधाळ, आणि गेल्या वर्षी आपल्याला डावलून गलबते दुसऱ्यांच्या हाती दिली गेली, हा सल त्याने हसतमुखाने पोटात ठेवलेला.

"सुभेदार साहेबांनी अपराध पोटात घालावा," रवळोजी म्हणाला, "पण विडा कशाचा, हे या सेवकास समजले नाही. तावडे नाईकांच्या मचव्यातून काय उतरले ते आम्ही पाहिले. कवड्या! दरबारास जागा हवी होती. नाईकांनी पोरींना खेळायला कवड्या आणल्या."

दरबारात हसू पसरले.

"नाईकांना दोष नाही," रवळोजी आणखी मृदू स्वरात म्हणाला. "हे घराण्यात असते. यांच्या तीर्थरूपांनीही वादळ दिसताच शीड फिरवले होते, असे वडीलधारी सांगतात. अवघड पाणी दिसले, की तावडे परततात."

गोंदजीचा बाप समुद्रात गेला होता आणि त्याचे प्रेतही मिळाले नव्हते. पुन्हा हसू उठले; या वेळी मोठ्याने. गोंदजी उभा राहिला तेव्हा आपण काय बोलणार आहोत हे त्याला ठाऊक नव्हते, असे त्याने पुढे स्वतःला अनेकदा सांगून पाहिले. पण ते खरे नव्हते. त्याला ठाऊक होते.

"तावडे परतत नाहीत!" तो गरजला. "दक्षिणेला काळा कडा सलग दिसतो, तो सलग नाही! दोन कड्यांमधून वाट आहे. डावा खडक घासून आत गेले, की सगळे आरमार मावेल असा डोह आहे, कधी न आटणारा गोड्या पाण्याचा झरा आहे. पूर्ण भरतीला मोठे जहाजही आत जाते. तिथे मी राहून आलो आहे. कवडावेळ म्हणतात तिला!"

"वाहवा!" दरबार उसळला. "शाबास तावडे!" मघाशी हसलेली माणसेच आता माना डोलावू लागली, आणि ती वाहवा गोंदजीला, क्षणभरच का होईना, गोड लागली. मग त्याची नजर दाराशी उभ्या पदाजीकडे गेली. म्हातारा जमिनीकडे पाहत होता. त्याने मान वर केली नाही. हळूच वळला आणि लंगडत बाहेर निघून गेला.

रायाजीराव प्रसन्न झाले होते, पण त्यांच्या कपाळावर आठी होती. "नाईक, हे खलबतात का नाही सांगितलेत?"

गोंदजीने धन्यासाठी शपथ मोडली असती, तर मनाशी बोलायला काही तरी उरले असते. त्याने धन्याला खोटे सांगून शपथ पाळली होती, आणि चार माणसे हसली म्हणून ती मोडली होती. सर्वांत आधी येऊन त्याला आलिंगन दिले ते रवळोजीने.

दुसऱ्या दिवशी सकाळी रवळोजीचे गलबत गोदीत नव्हते. दुपार होण्याआधी मासेमारीहून आलेल्या एका कोळ्याने खबर दिली, की ते गलबत खुल्या समुद्रात टोपीकरांच्या जहाजाला खेटून उभे आहे आणि दोन्ही तारवांवरची माणसे एकमेकांकडे ये-जा करीत आहेत.

सुभेदारांनी गोंदजीला बोलावले. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"त्याने तुम्हांला हिणवले नाही, नाईक. त्याने तुम्हांला विचारले. आणि तुम्ही सांगितलेत."

"होय, साहेब."

"आता टोपीकर तिथे शिरला, तर गड गेला."

"तिथे माणसे आहेत, साहेब," गोंदजी म्हणाला. "बायामाणसे, म्हातारीकोतारी. हेही मी दरबारात सांगितले नाही." "गोदीच्या धक्क्यासाठी चिरे भरून आणलेले गलबत अजून रिकामे झालेले नाही. ते मला द्या."

"दगडांचे गलबत? ते घेऊन लढणार कसे?"

"लढायला नको. दार लावायला हवे."

रायाजीरावांना उमगायला वेळ लागला नाही. "वाट बुजवाल. म्हणजे ती जागा आपल्यालाही मिळणार नाही."

"नाही मिळणार."

सुभेदार उठून खिडकीशी गेले, गोदीतल्या मोडक्या गलबतांकडे पाहत राहिले आणि पाठमोरेच म्हणाले, "जा."

गोंदजी धक्क्यावर आला, तेव्हा पदाजी आधीच सुकाणूवर बसलेला होता. त्याने एक शब्द विचारला नाही, आणि सबंध वाटेत एक शब्द बोलला नाही. चिऱ्यांनी लादलेले ते जड गलबत, काठापर्यंत पाणी आलेले, अनुकूल वाऱ्यावर सुद्धा म्हशीसारखे चालत होते. दुसऱ्या दिवशी ऊन चढता चढता काळा कडा दिसू लागला. आणि त्याच्यासमोर, सगळी शिडे उतरवून, भरतीची वाट पाहत थांबलेले टोपीकरांचे उंच जहाज. पुढे रवळोजीचे गलबत होते. त्यावरून माणसे ओळंबा टाकून पाणी मोजत होती.

"तांडेल," गोंदजी म्हणाला, "खडकांच्या आतून जाता येईल?"

"रिकामा तारू गेला असता," पदाजी म्हणाला. त्याच्या तोंडून निघालेले ते पहिले शब्द. मग त्याने सुकाणू कड्याकडे दाबले.

फुटणाऱ्या लाटांच्या आतल्या बाजूने, बुडाखाली खडक करकरत असताना, ते गलबत कड्याच्या सावलीत घुसले. टोपीकरांनी त्याला पाहिले. तोफा धडाडल्या, पहिला गोळा कड्यावर आदळून दगडांचा पाऊस पडला, दुसऱ्याने शीड फाडून नेले. पण तोवर भरतीच्या ओढीने गलबत गल्लीच्या तोंडाशी आले होते. गोंदजीने ते आडवे घातले; पुढची नाळ एका कड्याला, पिछाडी दुसऱ्याला भिडली.

आत, पुळणीवर, माणसे धावत आली होती. गोंदजीला ओळखून त्यांनी हात उंचावले. आपल्याला वाचवायला आला, असेच त्यांना वाटले.

"आये!" तो ओरडला. "सगळ्यांना कड्यावर काढ! झोपड्या सोडा, आधी माणसे काढा!"

सगुणायने दुसरा प्रश्न केला नाही. ती वळली आणि माणसांना पाऊलवाटेकडे लोटू लागली. जानू मात्र उलट्या दिशेने धावला, हातात कुऱ्हाड घेऊन पाण्यात झेपावला आणि पोहत गलबतावर चढला. गोंदजी तळाशी उतरून फळ्या फोडत होता. जानू त्याच्या शेजारी उभा राहिला आणि घाव घालू लागला.

"ही वाट तेंका कोणी दाखयली?" त्याने धापा टाकत विचारले.

गोंदजीने कुऱ्हाड उचलली आणि घातली. पुन्हा उचलली आणि घातली. पाणी गुडघ्यापर्यंत आले. जानूने उत्तराची वाट पाहिली नाही. ऐकू गेले नसावे असे समजून तो आणखी जोराने फळी तोडू लागला. एकदा तर गोंदजीकडे बघून हसलासुद्धा.

फळी फुटली, समुद्र आत आला, आणि चिऱ्यांचे ओझे घेऊन गलबत गल्लीत बसले. पदाजी आणि खलाशी खडकावर चढले होते. गोंदजी आणि जानू वर येऊन उडी मारणार, इतक्यात बाहेरून आलेल्या गोळ्याने डोलकाठी मुळातून तुटली आणि जानूच्या पाठीवर कोसळली. गोंदजीने त्याला पाण्यातून ओढत पुळणीवर आणले. आणले तेव्हा तो गेलेला होता.

बुडालेल्या गलबतावरून भरतीच्या जोरावर पार होता येईल असे समजून रवळोजीचे गलबत आवेशाने गल्लीत घुसले, आणि पाण्याखाली बसलेल्या चिऱ्यांवर आदळून फुटले. मागच्या लाटेने ते कड्यावर आपटले. रवळोजी त्यातच बुडाला. वाट बंद झालेली पाहून टोपीकरांनी रागाने कड्यांच्या फटीतून जितके गोळे आत टाकता येतील तितके टाकले. झोपड्यांनी पेट घेतला, आणि पाऊलवाट चढता न आलेले एक म्हातारे नवराबायको आपल्या झोपडीतच जळाले. मग ओहोटी लागली, आणि खडकांच्या भीतीने ते जहाज शिडे उभारून दूर निघून गेले.

सगुणाय खाली आली, तेव्हा गोंदजी जानूच्या शेजारी बसला होता. ती दुसऱ्या बाजूला बसली. तिने मुलाच्या केसांतली वाळू काढायला सुरुवात केली. रडली नाही.

"आये," गोंदजी म्हणाला, "वाट मी सांगितली. भर दरबारात."

तिचे हात थांबले. तिने त्याच्या तोंडाकडे पाहिले, मग त्याच्या अंगावर, हातांवर, पाठीवर नजर फिरवली. कुठे डाग, कुठे वळ दिसतात का, ते ती शोधत होती.

"तुका मारल्यानी?" तिने विचारले. "मारून विचारल्यानी?"

"नाही."

"मगे?"

"हिणवले," तो म्हणाला.

सगुणायने पदर काढून जानूचा चेहरा झाकला. "जावा आता, नाईक," ती म्हणाली. "आमच्या माणसांका आमकाच उचलूक होया."

टोपीकरांची जहाजे महिनाभर मकरगडासमोर उभी राहिली; पण त्यांना जवळ आसरा नव्हता, गोडे पाणी नव्हते, आणि एका वाऱ्याच्या तडाख्यानंतर ती उत्तरेकडे निघून गेली. गड वाचला. रायाजीरावांनी दरबार भरवला आणि भरसभेत गोंदजी तावडे यांस सोन्याचे कडे आणि पालखीचा मान जाहीर केला.

आदल्या संध्याकाळी गोंदजी त्यांना एकांतात भेटला होता. शपथ, खोटे, हिणवणे, जानू: सगळे सांगून तो म्हणाला होता, "खलबतात मी आपल्याशी खोटे बोललो, दरबारात सगुणायशी. मला कडे नको, साहेब. मला शिक्षा द्या."

सुभेदारांनी ते सारे शांतपणे ऐकून घेतले. "आमची निम्मी गलबते मोडली आहेत," ते म्हणाले. "माणसांचे काळीज त्याहून अधिक मोडले आहे. त्यांना उद्या एक शूर माणूस दिसला पाहिजे, आणि आमच्याजवळ तुम्हीच आहात. कडे घालावे लागेल. शिक्षाच हवी, तर ती हीच समजा."

म्हणून त्याने कडे घातले. भाटांनी त्याचे गुण गाइले, मानकऱ्यांनी पाठ थोपटली, आणि रस्त्यातून पालखी जाताना बायांनी त्याच्यावरून लिंबलोण उतरले. तो खाली मान घालून बसला, आणि लोक म्हणाले, बघा, किती विनय!

पहिल्या उसंतीला तो पदाजीला घेऊन, तांदूळ, कापड आणि वासे भरून कवडावेळला गेला. माणसे निघण्याच्या तयारीत होती. चिऱ्यांवरून मोठे तारू जात नसले, तरी भरतीला होड्या जाऊ शकत होत्या. त्या सामानाने भरलेल्या होत्या. सगुणायने तांदूळ घेतले. पोरे उपाशी होती. कापडही घेतले.

"गडाच्या पायथ्याशी जागा देतो म्हणून सुभेदारांनी सांगितले आहे," गोंदजी म्हणाला.

"नको, नाईक."

"मग मला निदान बरोबर येऊ द्या. सगळा किनारा मी पाहिला आहे. कुठे पाणी गोडे आहे, कुठे वारा लागत नाही, मला ठाऊक आहे. तुम्हांला हवी तशी जागा मी शोधून देतो."

ती त्याच्याकडे पाहत राहिली. तिच्या नजरेत राग नव्हता. असता तर त्याला बरे वाटले असते.

"तुमका ठावक आसा," ती म्हणाली, "म्हणानच तुमी येव नका."

भरती चढली. होड्या एकामागून एक गल्लीकडे निघाल्या. बाहेर पडून त्या उत्तरेला वळतील की दक्षिणेला, हे पुळणीच्या टोकावरच्या खडकावर उभे राहिले की स्पष्ट दिसले असते. गोंदजी त्या खडकापर्यंत गेला. मग त्याने समुद्राकडे पाठ केली आणि जळक्या झोपड्यांकडे तोंड करून उभा राहिला.

पदाजी थोडा वर, कड्याच्या पायरीवर उभा होता. वल्ह्यांचा आवाज हळूहळू लांब गेला आणि लाटांच्या आवाजात मिसळला.

"बाहेर पडले, नाईक," तो म्हणाला. "शिडा उभारल्यानी. आता ते..."

"तांडेल," गोंदजी पाठमोराच म्हणाला, "सांगू नका."

पदाजी थांबला. मग तोही खाली उतरला, आणि ओहोटी लागेपर्यंत दोघे जमिनीकडे तोंड करून उभे राहिले.